एकच शेनिन ब्लां दर वेळी वेगळी का लागते?

ऐरोलीच्या एका जोडप्याने विचारलं आहे: ‘वाशीच्या दुकानातून शेनिन ब्लां ही पांढरी वाईन आणली, ती गोडसर लागली आणि आवडली. पुढच्या महिन्यात घोडबंदर रोडला मित्राकडे दुसऱ्या कंपनीची शेनिन ब्लां प्यायलो, तर ती इतकी कोरडी आणि आंबट, की द्राक्ष तेच आहे हे पटेना. नंतर कळलं की लग्नाच्या वाढदिवसाला उघडलेल्या स्पार्कलिंगमध्येही, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनमध्येही, शेनिन ब्लां होती. मग या द्राक्षाची खरी चव कोणती? आमच्या घरी मासे, वड्या, आमटी-भात असं जेवण असतं. त्याबरोबर यातली कोणती घ्यावी?’

तिन्ही वेळा तुम्हाला जे लागलं ते बरोबरच होतं. बाटलीवर द्राक्षाचं नाव ठळक छापलेलं असतं, पण त्या द्राक्षाचं पुढे काय केलं ते बारीक अक्षरात असतं, कधी कधी तर कुठेच नसतं. सोव्हिन्यॉ ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाचं एवढं अडत नाही. सोव्हिन्यॉचा ग्लास नाकाशी नेला की हिरव्या मिरचीचा, चिरलेल्या गवताचा वास येतो आणि ओळख पटते. शेनिनला वासावरून ओळखायला गेलात तर ती दर वेळी हुलकावणी देईल. तिला आंबटपणावरून ओळखा. नऊ हंगाम मी नाशिक जिल्ह्यातल्या एका वाईनरीच्या सेलरमध्ये काढले आणि गेली बारा वर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या हॉटेलांच्या वाईनच्या याद्या करते, तिथल्या वाढप्यांना शिकवते. या सगळ्या काळात शेनिनबद्दल मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

कुठलंही द्राक्ष पिकताना दोन गोष्टी एकाच वेळी होतात. साखर चढते आणि आम्ल उतरतं. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक मात्र उष्णतेत झपाट्याने खर्ची पडतं, कारण वेल ते श्वसनासाठी वापरते. रात्री जितक्या गरम, तितकं मॅलिक लवकर संपतं. म्हणून उष्ण प्रदेशात बऱ्याच पांढऱ्या वाणांची गत अशी होते, की साखर पुरेशी चढेपर्यंत आम्ल निघून गेलेलं असतं. वाईन दारूच्या अंगाने भरभक्कम, पण चवीला मिळमिळीत. चिंच-आमसूल न घातलेली आमटी जशी लागते, तशी.

शेनिनचं वैशिष्ट्य असं, की साखर चढत असतानाही ती आम्ल सहसा सोडत नाही. तिचं सगळं अष्टपैलूपण या एका गुणातून येतं. लवकर तोडा, साखर कमी आणि आम्ल भरपूर, म्हणजे स्पार्कलिंगसाठी अगदी हवी तशी. मध्यावर तोडा, कोरडी किंवा किंचित गोडसर वाईन करा. उशिरापर्यंत वेलीवर ठेवा, साखर इतकी वाढते की वाईन मधासारखी होते, आणि तरीही ती चिकट लागत नाही, कारण खाली आंबटपणा उभा असतो.

हे पटवून घ्यायला वाईन लागत नाही. दोन ग्लास पाणी घ्या आणि दोन्हींत दोन-दोन चमचे साखर विरघळवा. एकात अर्धं लिंबू पिळा. आधी नुसतं साखरेचं पाणी प्या, मग सरबत. साखर तेवढीच आहे, पण पहिला घोट नकोसा होतो आणि दुसरा संपेपर्यंत ग्लास खाली ठेवावासा वाटत नाही. आपल्या आमटीत गूळ आणि आमसूल एकमेकांना असेच धरून असतात. शेनिनच्या बाटलीतही हाच हिशेब असतो. म्हणून ‘गोड’ हा शब्द तिच्या बाबतीत जपून वापरावा. तुम्ही वाशीहून आणलेली गोडसर वाईन बहुधा लिटरमागे आठ-दहा ग्रॅम साखरेची असेल. दहा धरली तर दीडशे मिलिलिटरच्या ग्लासात दीड ग्रॅम साखर येते. दोन चमचे साखर घातलेल्या चहात याच्या पाच-सहा पट असते. तरी ती गोडसर जाणवते, कारण बहुतेकांनी वाईन तुरट किंवा आंबटच असणार असं गृहीत धरलेलं असतं.

आता ही साखर बाटलीत राहते कशी, ते सांगते. वरून कोणी साखर घालत नाही. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. यीस्टला मोकळं सोडलं तर ते जवळजवळ सगळी साखर संपवतं आणि वाईन कोरडी होते. थोडी साखर ठेवायची असेल तर यीस्टला वेळेवर थांबवावं लागतं. टाकीच्या बाहेरच्या आवरणातून थंड द्रव फिरवून वाईन शून्याच्या आसपास आणायची, सल्फरची मात्रा द्यायची आणि मग गाळून यीस्ट काढून टाकायचं.

वाईनरीतल्या माझ्या तिसऱ्या हंगामातली एक रात्र आहे. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. एकाच शेतातल्या, एकाच दिवशी तोडलेल्या शेनिनचा रस आम्ही दोन टाक्यांत भरला होता. दोन्ही दहा ग्रॅमवर थांबवायच्या होत्या. रात्री अकरा वाजता मोजलं तेव्हा पहिली टाकी दहाला आली होती. ती थंड करायला घेतली. दुसरी अठरावर होती, म्हणून तिची पाळी पहाटे. मध्यरात्रीनंतर वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण चिलरने काही दाद दिली नाही. पहिली टाकी तोवर पुरेशी गार झाली होती, ती वाचली. दुसरीत यीस्ट पूर्ण भरात होतं. थंडावा थांबला, टाकी गरम व्हायला लागली आणि सकाळी सहाला मी हायड्रोमीटर आणि साखरेची चाचणी दोन्ही करून पाहिली, तर तीन ग्रॅम. हातातून गेली होती.

आमच्या वाईनमेकरने आरडाओरडा केला नाही. त्यांनी दोन्ही टाक्यांच्या नळातून थोडी-थोडी वाईन काढली, गढूळ, यीस्टचा वास मारणारी, आणि दोन ग्लास माझ्या हातात दिले. पहिल्या ग्लासात पिकलेला पेरू, अननस, गोलाई. दुसऱ्यात हिरवं सफरचंद, लिंबाची साल आणि जिभेच्या दोन्ही कडांना धार. दोन्हींत साखरेचा फरक सात ग्रॅमचा, अल्कोहोलचा अर्धा टक्कासुद्धा नाही. शेत एक, दिवस एक, यीस्ट एक. त्या सकाळपर्यंत मी शेनिनच्या वासांची यादी पाठ करत होते. त्या दोन ग्लासांनंतर ते सोडून दिलं. तुमच्या वाशीच्या आणि घोडबंदरच्या बाटल्यांमध्ये जो फरक होता, तो मुळात एवढाच असण्याची शक्यता खूप आहे.

द्राक्ष मूळचं फ्रान्सचं, लुआर नदीच्या खोऱ्यातलं. तिथल्या आंजू आणि तुरेन या भागांत ते शतकानुशतकं लावलं जातं. डीएनए तपासणीतून कळलं आहे की साव्हान्यँ नावाचं जुनं वाण त्याच्या आई-बापांपैकी एक आहे. सोव्हिन्यॉ ब्लांचंही तसंच, म्हणजे ही दोन्ही सख्ख्या नाही तरी सावत्र नात्यातली आहेत. लुआरमध्ये एका नदीच्या काठाने जाताना या एकाच द्राक्षाच्या किती तऱ्हा भेटतात ते पाहण्यासारखं आहे. साव्हेनिएर गावची वाईन बहुतांशी कोरडी, कडक, तरुणपणी जरा तुसडीच. व्हुव्रे गावात मऊ चुनखडीच्या दगडात कोरलेली तळघरं आहेत. तिथे एकच शेतकरी त्या वर्षीचं हवामान पाहून ठरवतो, की यंदा कोरडी करायची, अर्धगोड, गोड, की फसफसणारी. त्यांच्या लेबलवर ‘सेक’ दिसलं तर कोरडी, ‘डेमी-सेक’ म्हणजे मधली, ‘मोआलू’ म्हणजे गोड. हे तीन शब्द लक्षात ठेवा, विमानतळावरच्या दुकानात उपयोगी पडतील.

आणि लेयाँ या लुआरच्या उपनदीच्या काठी शरद ऋतूत सकाळी धुकं साचतं, दुपारी ऊन पडतं. अशा हवेत पिकलेल्या मण्यांवर बोट्रायटिस ही बुरशी येते. आपल्या द्राक्ष बागायतदाराला बुरशी म्हटलं की धडकी भरते. भुरी आणि डाऊनीने किती संसार मोडलेत ते नाशिकमध्ये कोणालाही विचारा. पण तिथे ही बुरशी हव्या त्या वेळी, हव्या त्या मण्यांवर आली, की ती सालीला बारीक छिद्रं पाडते, मण्यातलं पाणी उडून जातं आणि साखर, आम्ल, वास सगळं आटून घट्ट होतं. सगळे मणी एकाच वेळी असे होत नाहीत. म्हणून मजूर एकाच ओळीतून आठवड्या-दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा फिरतात आणि तयार तेवढेच मणी खुडतात. कार द शोम आणि बोनझो इथल्या गोड वाईन अशा बनतात. चांगल्या वर्षाची अशी बाटली पन्नास वर्षंसुद्धा टिकते. व्हुव्रेच्या १९४७ सालच्या गोड वाईनींचं नाव जाणकार अजून काढतात. पांढरी वाईन इतकी टिकते ती साखरेपेक्षा आम्लामुळे.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती आपल्याशी जुळते. केपमध्ये डच वसाहतीच्या अगदी सुरुवातीला, १६५०च्या दशकात, युरोपातून द्राक्षाच्या काड्या आल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी तिथली पहिली वाईन निघाली. त्या सुरुवातीच्या काड्यांबरोबरच शेनिन आली असं मानतात. तिथे तिचं नाव पडलं स्टीन. शेकडो वर्षं लोक स्टीन पीत राहिले आणि ही स्टीन म्हणजेच लुआरची शेनिन, हे नक्की झालं थेट १९६०च्या दशकात. भरघोस पीक देते, उष्णता सोसते, आम्ल टिकवते, म्हणून तिथे ती पोत्याने लावली गेली. ब्रँडीसाठी, स्वस्त वाईनसाठी, मिळेल त्यासाठी. १९५९ साली लीबरश्टाइन नावाची अर्धगोड वाईन आली, तिच्यात मोठा वाटा शेनिनचा होता, आणि ती तुफान खपली. त्यातून लाखो लोक वाईन प्यायला शिकले, पण शेनिन म्हणजे हलकी, गोडसर, बिनमहत्त्वाची, असा शिक्काही बसला. तो पुसायला पुढच्या पिढीला बरेच कष्ट पडले. आज जगात सर्वाधिक शेनिन दक्षिण आफ्रिकेत आहे, फ्रान्सपेक्षाही जास्त. तिथल्या जुन्या वेलींना आता मान आहे. ३५ वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या बागेची वाईन असेल तर २०१८पासून बाटलीवर तसं खास प्रमाणचिन्ह लावता येतं. अशी बाटली हाताला लागली तर घ्या. जुन्या वेलींना घड कमी लागतात, पण चव दाट असते.

आपल्याकडेही सुरुवात जवळपास तशीच झाली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यॉ ब्लां लावली आणि २००० साली सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. त्यातली शेनिन किंचित गोडसर होती आणि महाराष्ट्रात असंख्य लोकांचा पांढऱ्या वाईनशी पहिला परिचय तिनेच करून दिला. आपल्याकडे पुष्कळांना शेनिन म्हणजे गोडसर हेच पक्कं वाटतं ते त्यामुळे. मला ती सुरुवात योग्यच वाटते. चहा-सरबतावर वाढलेल्या जिभेला एकदम हाडासारखी कोरडी वाईन दिली असती तर ती पुन्हा कोणी मागितली नसती. पण पंचवीस वर्षं झाली, आता आपण पुढे जायला हरकत नाही. नाशिक भागात, आणि फ्रातेल्ली या वाईनरीमुळे सोलापूरकडे अकलूजलाही, आज शेनिनची चांगली कोरडी वाईन बनते. दिंडोरीला २०१३ साली शांदों या कंपनीची स्पार्कलिंग सुरू झाली, तिच्यातही शार्दने आणि पिनो न्वार या द्राक्षांबरोबर शेनिन वापरली गेली. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाची बाटली कोणाची होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडच्या अनेक स्पार्कलिंगमध्ये शेनिनच कणा असते.

नाशिकमध्ये शेतकरी तिला सरळ ‘चेनिन’ म्हणतात. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये जानेवारीपासून पेट्यांनी येणारी थॉमसन किंवा सोनाका डोळ्यांपुढे असेल, तर चेनिनचा घड पाहून निराशा होईल. लहान मणी, बियांचे, एकमेकांना इतके चिकटून की मध्ये बोट घालता येत नाही. खायच्या द्राक्षाला मणी फुगावा, घड सुटा व्हावा म्हणून जीए हे वाढीचं संप्रेरक देतात. वाईनच्या द्राक्षाला ते देत नाहीत, कारण मणी लहान राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते आणि चव सालीत असते. या घट्ट घडाचा तोटाही आहे. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला की आतले मणी दबून फुटतात आणि कूज आतून सुरू होते. बाहेरून घड ठणठणीत, उचलून उलटा केला की व्हिनेगरचा वास. असे घड क्रेटमधून वेचून फेकायला आम्ही चार-चार बायका टेबलाशी उभ्या असायचो. पाऊस झालेल्या वर्षी चांगल्या वाईनचं निम्मं श्रेय त्या टेबलाचं असतं.

आपल्याकडे थंडीत वेल पुरती झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, त्यातून नुसती काडी तयार करायची, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. त्यामुळे फ्रान्समध्ये जे द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात, ते इथे जानेवारी ते मार्चमध्ये येतं. मणी भरताना निफाड-दिंडोरीच्या थंड रात्री मिळतात, काही वर्षी तर निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मॅलिक आम्ल वाचतं ते त्या रात्रींमुळे. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापलं की पंधरा दिवसांत चित्र बदलतं. म्हणून तोडणीची तारीख हा सगळ्यात मोठा निर्णय. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. स्पार्कलिंगसाठी १८-१९ ब्रिक्सला, साध्या वाईनसाठी २१ ते २३ला. तोडणी पहाटे, हेडलॅम्प लावून, नऊच्या आत क्रेट वाईनरीत. वेलीवर घड किती ठेवायचे यावरही वाद होतात. चेनिन जोमदार वेल आहे, ठेवाल तेवढं पीक देते. पण पीक बेसुमार घेतलं की वाईन पाणचट होते. शेतकऱ्याला टनावर पैसे मिळत असतील तर घड खुडून टाकायला त्याचा हात कसा धजेल? ज्या वाईनरी दर्जावर जास्त भाव देतात, त्यांच्या बाटलीत तो फरक लागतो.

लेट हार्वेस्ट लिहिलेली आपली शेनिन लुआरच्या गोड वाईनसारखी बुरशीवर बनत नाही. आपल्याकडे हंगामात हवा कोरडी असते, त्यामुळे मणी वेलीवर आणखी ठेवून सुकवतात, साखर त्यातून वाढते. चव मनुका, मध, सुकलेलं जर्दाळू अशी. छान असते, पण लुआरच्या वाईनशी तिची तुलना करू नका. जात वेगळी आहे.

वासाबद्दल थोडं सांगायला हवंच. कोवळ्या शेनिनमध्ये हिरवं सफरचंद, पेअर, आपल्याकडच्या उन्हात पेरू आणि अननस. वय झालं की मध, मेण, कॅमोमाइल. आणि एक वास आहे, जो परदेशी जाणकार भिजलेल्या लोकरीचा म्हणतात. नेरूळला एका वर्गात मी हे सांगितलं तेव्हा कोणाला काही कळेना. मागच्या बाकावरचा साताऱ्याकडचा एक मुलगा ग्लास हुंगून म्हणाला, ‘मॅडम, पावसात भिजलेली घोंगडी.’ अगदी तंतोतंत. तेव्हापासून मी तोच शब्द वापरते. हा वास सगळ्या बाटल्यांत नसतो, आणि असला तर तो दोष नाही.

घरी ओळख करून घ्यायची तर एकेकट्या बाटल्यांवर महिने घालवू नका. तीन जोडपी जमा, प्रत्येकाने एक बाटली आणा: एक कोरडी, एक गोडसर, एक स्पार्कलिंग, शक्यतो तिन्ही अलीकडच्या हंगामाच्या. बाटलीच्या मागे ‘ड्राय’ (कोरडी) किंवा ‘ऑफ-ड्राय’ (गोडसर) लिहिलेलं असतं. नसेल तर अल्कोहोलच्या आकड्यावरून अंदाज करायला जाऊ नका, फसाल. दुकानदाराला विचारा. स्पार्कलिंगवर ‘ब्रूट’ लिहिलेलं असेल तर ती कोरडीकडे झुकणारी. मग तिन्ही शेजारी शेजारी ओता. घोट घ्या, गिळा आणि थांबा. जिभेच्या मागच्या कडांना, जबड्याच्या कोपऱ्याशी पाणी सुटतं का ते पाहा. तोंडाला पाणी सुटणं हा आपला वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा होतो. आम्ल जितकं जास्त तितकं ते जोरात सुटतं आणि जास्त वेळ राहतं. गोड ग्लासालाही ते तितकंच सुटलं, की समजा तुम्हाला शेनिन सापडली.

आता तुमच्या जेवणाकडे येते. मी नौपाड्यात राहते, आमच्या घरचं जेवण तुमच्यासारखंच आहे. तळलेल्या पदार्थाला कोरडी किंवा फसफसती घ्या. कुरकुरीत बोंबील, रव्यातलं पापलेट, कोथिंबीर वडी, कांदाभजी यांच्यावर आपण लिंबू पिळतो ना, तेच काम तिथे आंबट वाईन करते. तेल कापते आणि पुढचा घास हवासा करते. नुसती लिंबाची फोड आणि मीठ लावून भाजलेल्या माशाबरोबर कोरडी शेनिन मला सगळ्यात जास्त आवडते. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात सकाळी ताजा मासा मिळतो. तो आणला तर फार मसाला करू नका, वाईन आणि मासा दोन्ही कळतील.

अळूवडी मात्र गोडसरबरोबर. तिच्यात चिंच-गूळ दोन्ही असतात, आणि कोरडी वाईन गुळापुढे उघडी पडते, नुसती आंबट लागते. नारळाच्या दुधातल्या कालवणालाही गोडसरच. सीकेपी पद्धतीचं कोळंबीचं खडखडलं केलं असेल तर दोन्ही चालतात. आमच्याकडे त्यावरून दर वेळी मतभेद होतात आणि दोन्ही बाटल्या उघडल्या जातात.

तिखट म्हटलं की बरेच लोक डोळे झाकून गोड वाईन सुचवतात. थोडी साखर तिखटाला शांत करते हे खरं आहे, पण अल्कोहोल ते भडकवतं. त्यामुळे हे एका मर्यादेपर्यंतच चालतं. भरली वांगी, मालवणी चिकन इथपर्यंत थंडगार गोडसर शेनिन निभावून नेते. मामलेदारच्या तिखट मिसळीबरोबर कुठलीही वाईन नेऊ नका. तिथे ताक. सोलकढी आणि वाईनही एका जेवणात नको, दोन आंबट एकमेकांना मारतात. साध्या वरण-भात-तूप-लिंबाबरोबर कोरडी शेनिन छान जाते, हे ऐकून लोक चकित होतात, पण करून पाहा.

लेट हार्वेस्टबरोबर गोड पदार्थ निवडताना नियम एकच. वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती फिकी आणि आंबट लागते. म्हणून श्रीखंड आणि पुरणपोळी बाद. बेताच्या गुळाचा खरवस चालतो. माझं मत विचाराल तर छोट्या ग्लासात ती नुसतीच प्यावी, जेवणानंतर, गच्चीत बसून.

जपण्याबद्दल मी जरा आग्रहाने लिहिते, कारण ठाणे-नवी मुंबईच्या हवेत बाटल्यांचं नुकसान होतं ते इथेच. एकदा मे महिन्यात वर्गासाठी मी सहा बाटल्या एका दुकानातून घेतल्या. दुकानदाराने त्या रस्त्याकडच्या काचेला लागून मांडल्या होत्या, पश्चिमेचं ऊन थेट त्यांच्यावर. घाईत होते, लक्ष दिलं नाही. वर्गात उघडल्या तर रंग फिकट सोनेरीऐवजी तपकिरीकडे झुकलेला, वास उकडलेल्या सफरचंदाचा आणि घोटात जान नाही. सहापैकी पाच तशा. मुलांना मी तेच ग्लास दिले आणि बिघडलेली वाईन कशी लागते ते शिकवलं, पण पैसे गेले ते गेले. आता मी बाटली घेताना ती कुठे ठेवली होती ते आधी बघते आणि बाटलीवरचा महिना-वर्ष नंतर. आपल्याकडची साधी शेनिन ताजी प्यायची असते, एक-दोन वर्षांत. चार वर्षांची जुनी बाटली सवलतीत मिळाली म्हणून उचलू नका.

घरी ठेवायची तर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजच्या वर नको, तिथे उष्णता निघते. माळ्यावर तर मुळीच नको. पिण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढा, कारण चार अंशांवरच्या वाईनला वासच नसतो. आठ-दहा अंशांना तो उमलतो. लाकडी पिंपात मुरवलेली असेल तर आणखी पाच मिनिटं थांबा. स्पार्कलिंग मात्र थेट फ्रिजमधून. ग्लासात बर्फ टाकायचा मोह होतो, विशेषतः ऑक्टोबरच्या उकाड्यात. त्यापेक्षा थोडं थोडं ओता आणि बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा. उघडलेली साधी बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. शेनिनच्या काही कोरड्या वाईन तर दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा बऱ्या लागतात, आवळलेला वास मोकळा होतो.

जमलं तर फेब्रुवारीत एकदा नाशिकला जा. पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात म्हणून लोक ऑगस्टमध्ये जातात, पण तेव्हा वेलीवर फक्त पानं असतात. कसारा घाट चढून अडीच-तीन तासांत पोहोचता. बागेत विचारून चेनिनचा एक मणी तोंडात टाका. आधी साखर येते, खायच्या द्राक्षापेक्षाही जास्त. मग साल चावा, थोडी तुरट लागेल. बी थुंकायच्या आधी बघा, तपकिरी असेल तर मणी पिकलेला आहे. आणि मग, साखर गिळून झाल्यावर, जबड्याच्या कोपऱ्यात पाणी सुटेल.

येताना बाटल्या आणाल तर गाडीच्या डिकीत टाकू नका, पायाशी ठेवा, एसी तिथपर्यंत पोहोचतो.